चंद्रकलाबाईंचा ठोसा

"मशीन बिघडलं हाय!" माजी चॅम्पियन दादाराव वानखडे अकोल्याच्या नव्या व्यायामशाळेत कडाडले.

काचेवर मूठ ठेवली की ते मशीन हाडं वाचून तुमचा आयुष्यातला सगळ्यात जबर ठोसा शोधायचं आणि आजवरच्या जगभरच्या बॉक्सरांमध्ये तुमचा नंबर सांगायचं. गावात जो पहिला, त्याचं नाव व्यायामशाळेला मिळणार होतं. दादाराव एकेचाळीस हजारावे आले. मग त्यांच्या बायकोची, चंद्रकलाबाईंची, मूठ काच पुसताना टेकली आणि त्या जगात चौथ्या आल्या.

"इनं आयुष्यात काय मारलं? मच्छर!"

"मशीनलेच इचारा ना काका," पाटी रंगवायला आलेला पेंटर म्हणाला.

मशीन गोड आवाजात बोललं, "दिवाळीची पहाट. न्हाणीघराचं दार. बाहेरून एकच ठोसा."

सगळे दादारावांकडे बघू लागले. गिझरच्या गॅसनं गुदमरलो, तरी आतून एका ठोशात दार फोडलं, हा पराक्रम ते दर दिवाळीला सांगायचे.

"काहून हो," चंद्रकलाबाई कडाडल्या, "आतून फोडलं, तर दार तुमच्याच टाळक्यात कसं पडलं? अन् पेंटरभाऊ, पाटीवर माहेरचं आडनाव टाकजो!"