शालीतला कॉम्प्युटर

भास्करराव वारल्यावर, रीतीप्रमाणे, त्यांचं मन घरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं होतं. त्याला दोन वर्षं झाली. हयातीत त्यांना गारवा सोसत नसे, म्हणून कुमुदताईंनी पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर शाल घातली. परिणामी तो तव्यासारखा तापे आणि त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरे.

शेवटी सुनेने दुरुस्तीवाला बोलावला.

"काकू, याला हवा लागते," शाल बघून तो म्हणाला.

"आणि सर्दी झाली म्हणजे?"

त्याने शाल काढली, जाळीतली धूळ झाडली, नवा पंखा बसवला आणि तो गेला. खोलीत इतकी शांतता झाली, की कुमुदताईंना वाटलं, हे पुन्हा गेले.

"अहो, आहात ना?"

"आहे की. आज तुझं बोलणं ऐकू येतंय. इतके दिवस नुसती घरघर. मी आपला अंदाजाने हो म्हणत होतो."

कुमुदताई खुर्चीत बसल्या. अगदी सुरुवातीला त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला दवाखान्यात न्यायला मी उशीर केला का? भास्करराव हो म्हणाले होते. त्यानंतर तो विषय कुमुदताईंनी कधी काढला नव्हता. आज काढला.

"तू? अगं, तू रिक्षा दारात उभी करून हाका मारत होतीस. मोजे सापडल्याशिवाय निघणार नाही, हा हट्ट माझा."

कुमुदताईंनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. मग म्हणाल्या, "पुन्हा सांगा."

"का, ऐकू नाही आलं?"

"आलं. तरी सांगा."