तीन नंबरची कांडी

ॲल्युमिनियमच्या भट्टीत कार्बनचे मोठाले ठोकळे जळून झिजतात. हे ठोकळे ज्या कोकपासून बनतात, तो कुठल्या कंपनीचा घेतला तर कमी झिजतील, ते प्रयोगशाळेत आधी बोटभर कांड्यांवर तपासायचे. कांड्यांवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, हे ठाऊक चाचणीवाल्या बाईंना आणि त्यांनी लाख लावून बंद केलेल्या पाकिटाला.

कुणाचा कोक घ्यायचा ते ठरवायच्या बैठकीच्या दिवशी सकाळी, शर्टाला डाग पडेल म्हणून प्रयोगशाळेकडे कधी न फिरकणारे साहेब चक्क खाली उतरले. कांड्या उगाच हाताळत म्हणाले, "बाई, आमच्या मेहुण्याचा माल कितवा हो?"

"साहेब, ते सांगायचं नसतं."

"अहो, मी काय परका आहे?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच तीन बोटं दाखवली.

बैठकीत साहेबांनी तीन नंबरसाठी जिवाचं रान केलं. "बाकीच्या चारही कांड्या भट्टीजवळ न्यायच्या लायकीच्या नाहीत," असं स्वतःच्या हाताने लिहून खाली सही ठोकली. आकडेही तेच सांगत होते, त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही. मग पाकीट फोडलं. तीन नंबर भलत्याच कंपनीचा निघाला. मेहुण्याची कांडी पाच नंबरची, सगळ्यात जास्त झिजलेली.

साहेबांनी बाईंकडे डोळे वटारून पाहिलं, तोंड उघडलं, टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांकडे बघितलं आणि ते मिटलं.

बाईंनी हातरुमाल पुढे केला. "अगंबाई, साहेब, बाहीला काजळी? खाली येऊन गेलात होय कधी?"