गोठ्याची कडी

तो जुना काळा-पांढरा सिनेमा सयाजीनं टीव्हीवर आपल्या चुलतीच्या, साळूनानीच्या शेजारी बसूनच पाहिला होता. त्यातला पुतण्या चुलतीच्या वस्तू गुपचूप हलवत राहतो, तिला वेडी ठरवतो आणि इस्टेट लाटतो. नानी तेव्हा डुलक्या घेत होती.

पिंपरी पेंढारात उसातला बिबट्या पार अंगणापर्यंत येतो. नानी दिवस मावळायच्या आत शेळ्यांच्या गोठ्याला कडी लावायची आणि सयाजी ती मागून हळूच काढून ठेवायचा. महिन्याभरात तीन शेळ्या गेल्या.

"नानी, तुला कायबी आठवंना झालंय," तो आळीला ऐकू जाईल असं म्हणायचा. नानी बापडी मान डोलवायची. जमिनीचे कागद तयारच होते.

आज कडी काढून तो वळला, तोच शेळ्या एकाएकी गप्प झाल्या. बिबट्यालाही आता ही वेळ पाठ झाली होती. मागं ऊस सळसळला. सयाजी जिवाच्या आकांतानं घराकडे पळाला. दार आतून बंद होतं.

"नानी, कडी काढ! बिबट्या आलाय!"

"कडी? म्या लावली व्हती का रं?" दारापलीकडून नानी शांतपणे म्हणाली. "त्या सिनेमातल्या म्हातारीवानी झालंय बघ माझं. कायबी आठवंना."