प्राचीचा पट्टा

“प्राची घरत. चाळीस सेकंदांत हृदय बंद पडेल,” मैदानावरचा भोंगा गरजला आणि बाकावर बसलेल्या प्रशिक्षक कुंदाताईंनी मॅटकडे पाहिलं. प्राची तर कबड्डीच्या चढाईवर होती.

“पोरींनो, धरा तिला! आडवी करा!” ताई ओरडल्या.

दोन्ही संघांच्या मुलींनी प्राचीला मॅटवर दाबून धरलं. डॉक्टर झटक्याचं यंत्र घेऊन धावले.

“मला काही होत नाहीये हो!” प्राची किंचाळत होती. पण अशा वेळी माणसाचं नाही, मनगटावरची नाडी वाचून भोंग्याला कळवणाऱ्या पट्ट्याचं ऐकायचं असतं, हे शाळेतली पोरंही जाणतात. पट्टा आजवर कधी चुकला नव्हता.

“वीस सेकंद.”

“सरका, डॉक्टरांना जागा द्या!” ताईंनी बाकावरून हात हलवला आणि तो हवेतच थबकला.

सामन्याआधी पंच नखं आणि दागिने तपासतात. मुली सगळं उतरवून ताईंकडे देतात आणि हरवू नये म्हणून ताई ते आपल्याच हातात चढवतात. आजही चढवलं होतं. प्राचीच्या दोन बांगड्या, कडं, आणि मध्ये लाल लुकलुकणारा तिचा पट्टा.

“डॉक्टर, इकडे या,” असं त्या म्हणायला गेल्या, पण घशातून आवाजच फुटेना. समोर सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे होत्या.

“पाच,” भोंगा म्हणाला.