कटनंतरचं रीळ

घोडदळाच्या हल्ल्याच्या चित्रीकरणाची रिळं आठवड्यानं माझ्या संकलनाच्या खोलीत आली. घोड्यावरून पडण्यात पटाईत असलेला स्टंटमन डेलमर माझ्याशेजारीच बसला होता. आपलं मरण पडद्यावर बघायची त्याला भारी हौस.

मी यंत्र सुरू केलं. घोडे उधळले, धूळ उडाली, तीसेक सैनिक कोसळले. दिग्दर्शकानं 'कट' म्हटल्यावरही कॅमेरा चालूच राहिला होता. मेलेले हसत उठले आणि कपडे झटकू लागले.

एक जण उठला नाही.

"कोण गं तो आळशी?" डेलमर हसला.

मी रीळ मागे घेतलं. या वेळी चेहरा स्वच्छ दिसला.

"इर्मा, हा तर मी! पण मी लगेच उठलो होतो. सगळ्यांबरोबर जेवलोसुद्धा."

पडद्यावर एक सैनिक त्या देहाजवळ गुडघे टेकून बसला. त्यानं त्या मेलेल्याचे डोळे मिटले, आणि उठून तो कॅमेऱ्याकडे वळला.

तोही डेलमरच होता. टोपी घालून तो इतरांबरोबर जेवायला निघाला.

माझ्या हातून यंत्र बंदच होईना.

"इर्मा," शेजारून हलका आवाज आला, "मी तिथंच मेलो असेन, तर मग आठवडाभर माझ्या बायकोशेजारी कोण झोपतंय?"