चंद्रीची धार

राजवर्धनने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला, काचेवर फुंकर मारली आणि तो परत स्वप्नालीच्या हातात दिला.

"दिसायला झ्याक हाय ताई. पण जरा चालवून दावा की. पाच मिनिटं शूट करा, समोर काय हाय ते."

समोर दूध कट्टा होता. संध्याकाळचे सहा वाजले होते. तीन म्हशी रांगेत उभ्या होत्या आणि धारोष्ण दूध पिणारी मंडळी आपापल्या पाळीची वाट बघत होती. जागा राजवर्धननेच ठरवली होती. शिरोळकडचा लग्नाचा फोटोग्राफर तो. कोल्हापुरात येतोच आहे तर दूधही होईल आणि कॅमेराही. त्याला काय ठाऊक, की तीन वर्षांपूर्वी स्वप्नालीने आपला पहिला व्हिडिओ याच कट्ट्यावर केला होता. तेरा जणांनी पाहिला होता तो, त्यातले पाच घरचे.

त्या तेरांचे पुढे तिच्या चॅनेलवर ऐंशी हजार सबस्क्रायबर झाले होते. आणि पंधरा दिवसांपूर्वी एका दिवसात शून्य. कुणा मसालेवाल्याच्या नावाने मेल आला, सोबत एक फाईल. अनोळखी फाईल उघडू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. स्वप्नालीने तर त्यावर स्वतः व्हिडिओ केला होता. पण कांदा-लसूण मसाल्याची जाहिरात म्हटल्यावर कोल्हापूरचं माणूस दोनदा विचार करत नाही. तिने उघडली. दुपारपर्यंत चॅनेल चोराच्या हातात गेलं आणि संध्याकाळी दोनशे चौदा व्हिडिओंसकट गायब झालं. तिने तक्रारींवर तक्रारी केल्या, पण पलीकडून माणसाचं उत्तर एकदाही आलं नाही. शेवटी भावाने तिला शिरोलीच्या एका कारखान्यात, ऑफिसात चिकटवलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. त्याआधी कॅमेरा विकून मोकळं व्हायचं. डोळ्यांसमोर दिसला की तिचा जीव जळायचा.

तिने कॅमेरा सुरू केला आणि सगळ्यात जवळच्या म्हशीवर धरला.

त्या म्हशीखाली, चंद्रीखाली, तिचे मालक गुंडूमामा उकिडवे बसले होते. रेडकू पाजून बाजूला बांधलं होतं, कासेवर पाण्याचा हात फिरवून झाला होता, पण चंद्रीने पान्हा चोरला होता. मघाशी कुणीतरी बुलेटचे फटाके फोडत गेलं, तेव्हापासून बाईसाहेब रुसलेल्या. मामा सड ओढत होते आणि थेंब येत नव्हता.

"मामा, शेजारचीचं काढा की," रांगेतला एक पैलवान ओरडला. "घसा वाळला हितं!"

"तिकडं माझा भाऊ काढतोय न्हवं? जा की तिकडं." मामा जागचे हलले नाहीत. "हिच्याखालनं आत्ता उठलो, तर हिला कळतंय, ह्यो उठतोय म्हणून. मग रोजच चोरणार."

"आणि बसून बी न्हाय दिलं तर?"

"तर न्हाय. उद्या परत बसायचं." मामांनी पुन्हा कासेवरून हात फिरवला. "द्यायचं का न्हाय, ते तिच्याकडं. बसायचं तेवढं माझ्याकडं."

पैलवान शेजारच्या म्हशीकडे गेला. स्वप्नाली मात्र खाली गुडघ्यांवर टेकली. फरशी शेणाने ओली होती, पँट चांगली होती, पण तिथूनच मामांचा हात, कास आणि रिकामी चरवी एका चौकटीत येत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिला पंधरा दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटत होतं आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"ताई, बास की आता," राजवर्धन म्हणाला. "बघितलं मी. चांगला चालतोय. द्या, मला एसटी गाठायची हाय."

"थांबा. अजून धार पडली न्हाय."

"अवो, टेस्ट घ्यायची हुती नुसती. धार कशाला पायजे?"

एक हात कॅमेऱ्याखाली धरून स्वप्नाली आणखी थोडी वाकली.

चंद्रीचे कान सैल पडले. तिने एक लांब श्वास सोडला आणि रिकाम्या चरवीत पहिली धार खणकन वाजली. मग दुसरी. पैलवानाने तिकडून "आली, आली!" म्हणून आरोळी ठोकली. मामांनी मान वर केली नाही, त्यांचे दोन्ही हात आता चालू झाले होते. धारेचा आवाज बदलून जाड होईपर्यंत, चरवीत फेस चढेपर्यंत स्वप्नाली हलली नाही. मग तिने बटण दाबलं आणि उठून गुडघे झटकले.

मामांनी थेट धारेखाली ग्लास धरून भरला आणि तिच्यापुढे केला. तिने तो राजवर्धनच्या हातात दिला.

"घ्या पावणं. लांबनं आलायसा, तसं कसं जाऊ द्यायचं?"

राजवर्धनने एका दमात ग्लास रिकामा केला. मिशीवर फेस तसाच ठेवून त्याने खांद्यावरच्या बॅगेची चेन उघडली.

"मग? कॅमेरा?"

स्वप्नाली कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाभोवती गुंडाळत होती.

"मामा, सोमवारपास्नं मला कामावरनं यायला साडेसहा हुतील," ती म्हणाली. "चंद्री थांबंल न्हवं?"

"चंद्री कुणासाठी थांबत न्हाय," मामा म्हणाले. "मी असतोय की हितं बसलेला."

राजवर्धनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मामांकडे. मग बॅगेची चेन ओढून बंद केली आणि रिकामा ग्लास पुन्हा पुढे धरला.