मागचा गोंगाट
ग्रामसभेचा व्हिडिओ सुरू करून मी मोबाईल विपुलच्या टेबलावर आपटला. परतवाड्यात लग्नाचे व्हिडिओ बनवणारा हा पोरगा आमच्याच गावचा, म्हणून सरपंचानं काम त्यालाच दिलेलं. पडद्यावर सरपंच विचारत होता, "ढोरं चारायची ई-क्लास जमीन खडी क्रशरले देऊन राहिलो, कोणाचा विरोध?" मागे आम्ही साऱ्या बाया हात वर करून ओरडत होतो, तोंडं हलताना दिसत होती, आवाज एकीचाही नव्हता. "विरोध नाई. ठराव मंजूर," सरपंच म्हणाला. हाच व्हिडिओ पुरावा म्हणून तालुक्याला जाणार होता. "आमचा आवाज काहून कापला रे?" मी विचारलं. "काकू, तो मागचा गोंगाट होता," विपुल म्हणाला. "एका सॉफ्टवेअरमध्ये सरपंचाचा आवाज फाटे, दुसऱ्यात फाईल एवढी मोठी झाली का सरकारी साइटवर चढेच नाई. मंग हे नवीन घेतलं. एक बटन दाबलं का माइकजवळचा माणूस ठेवते, बाकी कचरा साफ. लग्नातबी असंच करतो, पूर्ण ऐकत कोण बसते?" कचरा म्हणाला तो. माझं डोकंच फिरलं. "मूळ फाईल लाव." "आता कायले, काकू..." "लाव म्हणते ना." त्यानं तोंड वाकडं करत लावली. दुकानभर बायांचा आरडाओरडा घुमला, आणि त्या सगळ्यांच्या वर एक बसका, खरखरीत आवाज: "जमीन नाई देत. माही ढोरं काय तुह्या घरी बांधू?" विपुलचा हात माउसवरच थांबला. "आता दाब तुहं बटन," मी म्हटलं. "काढून टाक तुह्या मायचा आवाज."